पायाखालचे कातडे

आमच्या गावाच्या दक्षिणेला खाडी होती आणि गाव व खाडी यांच्या मधोमध आमचे मिठागर होते. खाडी अजून आहे. मिठागराच्या जागी आता सात मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत. संध्याकाळी त्यांच्या खिडक्यांत दिवे लागले की दुरून मोठे प्रसन्न दृश्य दिसते. पण मी त्या रस्त्याने जाण्याचे शक्यतो टाळतो. त्याचे कारण आजवर घरातही कोणाला नीटसे सांगितलेले नाही. ते आज येथे सांगावेसे वाटते.

माझे वडील आयुष्यभर मिठागरात राबले. सर्व मृतांचा दिवस उलटला, कबरीवरच्या मेणबत्त्या विझल्या की दुसऱ्या दिवशी पहाटे ते फावडे घेऊन बांध दुरुस्तीला निघत. उधाणाच्या भरतीला उघाडीतून खाडीचे पाणी आत घेतले जाई. ते एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे हळूहळू फिरत, उन्हाने आटत, दाट होत शेवटच्या वाफ्यांपर्यंत पोहोचे. मीठ धरे ते त्या शेवटच्या वाफ्यांत. मुलांना मात्र मधल्या उथळ तळ्यांचे आकर्षण असे, कारण त्यांच्या तळाशी एक विलक्षण वस्तू होती. वरून तपकिरी, आत हिरवी, त्याखाली गुलाबीसर आणि सर्वांत खाली काळी अशी ती बोटाएवढ्या जाडीची चामट साय पायाखाली लुसलुसत असे. टाच रुतवली की तिचा लचका निघे आणि खालचा काळा चिखल उसळून वर येई.

वडील सहसा रागावत नसत. पण तेवढ्या एका गोष्टीवर रागावत. "कातडं फाडू नको, बाळा," ते म्हणत. "त्याच्यामुळं पाणी मुरत नाही. ते फाटलं की चिखल वर येतो नि मीठ काळं पडतं." ते स्वतः त्या तळ्यांतून चालत ते पाऊल सपाट टेकवून, आजारी माणसाच्या खोलीतून चालावे तसे.

पुढे मी शिकलो, बँकेत लागलो, आणि शिकलेल्या मुलाला जे सहज जमते ते मलाही जमले : वडिलांच्या ज्ञानाला मी अडाणीपणा समजू लागलो. मिठाला भाव नव्हता, मजूर मिळत नव्हते, वडिलांचे पाय मिठाने फुटले होते. १९९३ साली जागेला गिऱ्हाईक आले तेव्हा कुटुंबातील सर्वांत पुढे होऊन व्यवहार ठरविला तो मीच. वडील आठवडाभर गप्प होते. शेवटी एका रात्री जेवताना त्यांनी विचारले, "ते कातडं तयार व्हायला किती काळ लागतो, ठाऊक आहे तुला?"

"बाबा, शेवाळ आहे ते," मी म्हणालो. "शेवाळासाठी का कोणी जमीन धरून ठेवतं?"

त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. कागदावर सही केली. सहा वर्षांनी ते वारले. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक नव्हते, आणि ते ठाऊक करून घ्यावे असेही मला वाटले नाही.

ते उत्तर पुढे पंचवीस वर्षांनी, समुद्रापासून फार दूर, राजस्थानात माझ्यासमोर आले. माझी मुलगी उदयपूरला शिक्षिका आहे. २०१८ च्या डिसेंबरात मी तिच्याकडे गेलो असता तिच्या ओळखीचे भूविज्ञानाचे एक प्राध्यापक आम्हाला झामरकोटड्याला घेऊन गेले. उदयपूरच्या आग्नेयेला पंचवीसेक किलोमीटरवर फॉस्फेटच्या दगडाची ही मोठी उघडी खाण आहे. १९६८ साली हा साठा शोधून काढण्यात आला. तेथील खडकाचा एक भाग राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून राखून ठेवलेला आहे. त्याच्यापुढे आम्ही उभे राहिलो. फिकट डोलोमाइटच्या दगडात निळसर करड्या रंगाचे बोटाएवढे, मनगटाएवढे स्तंभ एकमेकांना खेटून उभे होते, आणि प्रत्येक स्तंभाच्या आत पातळ पातळ थर, एकावर एक पालथ्या घातलेल्या वाट्यांसारखे. प्राध्यापक म्हणाले, "यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. हे सुमारे पावणेदोन ते दोन अब्ज वर्षांपूर्वीचे. हे प्राणीही नव्हेत, वनस्पतीही नव्हेत. उथळ समुद्राच्या तळावर सूक्ष्म जीवांची एक साय धरत असे. तिने बांधलेले हे घर आहे."

साय हा शब्द ऐकला आणि माझ्या तळपायाला ती जुनी लुसलुस जाणवली. मी विचारले, "वरून तपकिरी, आत हिरवी, खाली गुलाबी आणि काळी?" ते चकित होऊन माझ्याकडे पाहू लागले. "आपण कोठे पाहिलीत?" मी म्हणालो, "आमच्या मिठागरात."

मग त्या खडकाजवळ बसून त्यांनी मला जे समजावले, ते वडिलांनी ऐकायला हवे होते. त्या सायीतील मुख्य जीव म्हणजे सायनोबॅक्टेरिया. पूर्वी यांना नील-हरित शैवाल म्हणत. डोळ्यांना न दिसणारे हे तंतू चिकट द्रव सोडतात. पाण्याबरोबर आलेला बारीक गाळ त्या चिकट पृष्ठावर अडकतो. गाळाखाली गाडले गेले तर सूर्यप्रकाश मिळणार नाही, म्हणून तंतू सरकत वर येतात आणि गाळावर नवी साय धरतात. शिवाय ते पाण्यातील कार्बन डायऑक्साइड वापरतात, त्यामुळे तेथल्या तेथे चुनाही साचतो. थरावर थर चढत दगड वाढतो. वरचे हिरवे जीव प्रकाशावर जगतात, खालचे गुलाबी जीव उरल्यासुरल्या प्रकाशावर, आणि काळ्या थरातील जीव प्रकाश व प्राणवायू यांवाचून. बोटभर जाडीत अशी तीन मजल्यांची वस्ती नांदत असते.

अशा दगडांना 'स्ट्रोमॅटोलिथ' हे नाव अर्न्स्ट काल्कोव्स्की या जर्मन शास्त्रज्ञाने १९०८ साली दिले आणि ते सजीवांनी घडविले असल्याचे प्रतिपादन केले. अनेकांना ते पटेना, कारण असे काही घडताना कोणी पाहिले नव्हते. १९५० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियातील शार्क बे येथे, हॅमेलिन पूल नावाच्या उथळ आखातात, जिवंत स्ट्रोमॅटोलाइट शास्त्रज्ञांच्या दृष्टीस पडले. समुद्री गवताने अडलेल्या गाळाच्या बांधामुळे तेथे पाण्याची ये-जा कमी होते. ऊन पाणी आटवते आणि खारटपणा नेहमीच्या समुद्राच्या जवळजवळ दुप्पट होतो. साय कुरतडून खाणाऱ्या गोगलगायींना तो सोसत नाही, म्हणून साय टिकते. निसर्गानेच बांध घालून केलेले मिठागर, दुसरे काय!

"पण येथे समुद्र होता, आणि तोही उथळ, हे कशावरून?" मी विचारले. प्राध्यापकांनी बोटाने एकेक खूण दाखवीत सांगितले. सायीला ऊन लागते. म्हणजे ऊन तळाशी पोहोचेल इतकेच पाणी. जोडीला चिखलाच्या भेगा सापडल्या तर तळ मधूनमधून उघडा पडत असे, म्हणजे भरती-ओहोटीची जागा. लाटांच्या वळ्या सापडल्या तर पाणी हलते. दोन स्तंभांमधल्या फटीत फुटक्या थरांचे तुकडे असले तर वादळाने साय उखडली होती. शार्क बेमध्ये किनाऱ्यालगत वर एक प्रकारची साय, ओहोटीच्या रेषेजवळ दुसरी, सदैव पाण्याखाली तिसरी, आणि लाटांच्या माऱ्यात दगड लाटांच्या दिशेने लांबट झालेले आढळतात. "मात्र नुसत्या आकारावरून खोली सांगू नये," त्यांनी बजावले. "सर्व साक्षीदार एकत्र तपासावे लागतात."

झामरकोटड्याचे थर आज आडवे नाहीत. पृथ्वीच्या उलथापालथीत ते तिरपे उभे राहिले आहेत. तरीही मूळची वरची बाजू कोणती हे त्या पालथ्या वाट्याच सांगतात, कारण साय नेहमी उजेडाकडे फुगते. गाळाचे थर मुळात आडवे बसतात आणि खालचा थर आधीचा असतो, हा नियम १६६९ साली निकोलस स्टेनो या डॅनिश शास्त्रज्ञाने मांडला. तो पुढे धर्मगुरू झाला, बिशप झाला, आणि १९८८ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला धन्यवादित घोषित केले. दगडांचे वय मोजल्याने श्रद्धा डळमळेल अशी धास्ती बाळगणाऱ्यांनी या माणसाकडे अवश्य पाहावे.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. पिलबारा या ऑस्ट्रेलियाच्या प्रदेशात सुमारे साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीचे असे दगड आहेत. पृथ्वीवर तेव्हा मोकळा प्राणवायू जवळजवळ नव्हता. तो निर्माण केला तो याच सायनोबॅक्टेरियांनी. सुमारे २.४ अब्ज वर्षांपूर्वी तो हवेत टिकून साचू लागला. आपण घेत असलेल्या श्वासाचे मूळ या चिकट सायीत आहे.

शेवटी मी वडिलांचा प्रश्न विचारला : ते कातडे तयार व्हायला किती काळ लागतो? प्राध्यापक म्हणाले, "मऊ साय काही आठवड्यांत धरते. तिचा दगड मात्र शार्क बेमध्ये वर्षाला अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी वाढतो. गुडघाभर दगडाला हजार-दोन हजार वर्षे सहज लागतात." मग ते म्हणाले, "आणि आपल्या वडिलांसारखे वागणारे लोक अन्यत्रही आहेत." स्लोव्हेनियातील पिरानच्या मिठागरांत चौदाव्या शतकापासून अशीच साय मुद्दाम जोपासतात. तिला ते 'पेटोला' म्हणतात. ती चिखल खाली दाबून धरते, म्हणून तेथील मीठ पांढरेशुभ्र निघते. ते मीठ जगभर नावाजले जाते.

मी काहीच बोललो नाही. डोळ्यांत पाणी आले होते. मुलीने ते पाहिले. थंडी वाजते का, म्हणून विचारले. मी हो म्हणालो.

परतताना खाणीतून भरलेले ट्रक आमच्या पुढे चालले होते. हा दगड खतासाठी जातो. ज्या स्तंभांत फॉस्फेट साठले तेच फोडले जातात. एक कोपरा स्मारक म्हणून राहतो. शेताला खत हवे, हे वाडीत वाढलेल्या माणसाला सांगायला नको. तेव्हा खाणीला नावे ठेवण्याचा अधिकार मला नव्हता. आणि ज्याने मिठागर विकले त्याला तर मुळीच नव्हता. पैशाची गरज खरी होती, वडिलांचे फुटलेले पायही खरे होते. कदाचित आज मी पुन्हा तेच केले असते. पण त्या रात्री मी त्यांना विचारू शकलो असतो, "नाही ठाऊक, बाबा. तुम्ही सांगा." ते विकायला मला कोणी भाग पाडले नव्हते.

यंदा पावसाळा संपल्यावर मी नातवाला घेऊन खाडीपलीकडच्या एका मिठागरात गेलो. तेथे अजून थोडी तळी शिल्लक आहेत. मालकाची परवानगी घेऊन आम्ही चपला काढल्या आणि पाण्यात उतरलो. नातू उड्या मारायच्या बेतात होता. मी त्याचा हात धरला.

"सपाट पाऊल टाक," मी म्हणालो. "खाली कातडं आहे."

"कोणाचं, आजोबा?"

मी त्याला सांगू लागलो. सांगायला बराच वेळ लागला. तोवर पलीकडे दुपारची घंटा झाली, आणि आम्ही दोघे घोटाभर पाण्यात तसेच उभे होतो.