मुलुंडचें सायकल-घर

मुंबई पाहावयास येणारा पाहुणा गेट-वे, राणीची बाग, फार तर घारापुरीचीं लेणीं पाहून परततो. उपनगरें पाहावयास कोणी येत नाहीं. तेथें मनुष्य राहावयास येतो. आम्हीहि तसेच आलों. चौतीस वर्षें सातारा जिल्ह्यांतील लहान लहान गांवीं शाळामास्तरकी केली, जमेल तेथें मुलांकडून रूपें आणि सुभाषितें घोकून घेतलीं, आणि निवृत्तीनंतर चिरंजीवांच्या आग्रहावरून कुटुंबासह मुलुंडास येऊन राहिलों. प्रवासवर्णन लिहावयाचें तर काशी-रामेश्वराचें लिहावें, मुलुंडाचें काय लिहावयाचें, असें वाचक म्हणतील. परंतु येथें गेल्या वर्षभरांत जें पाहावयास मिळालें, तें घरोघरच्या वडीलधाऱ्यांनीं आणि मुलांनींहि ऐकावें असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

मुलुंड हें मध्य रेल्वेवरील मुंबईचें शेवटचें उपनगर. येथून पुढचें स्थानक ठाणें. पश्चिमेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्या, पूर्वेस मिठागरें आणि त्यांपलीकडे ठाण्याची खाडी, असा या गांवाचा विस्तार आहे. १९२२ सालीं येथें नगररचना झाली; त्या वेळचे सरळ, एकमेकांस काटकोनांत छेदणारे रस्ते पश्चिमेच्या जुन्या भागांत अजून ओळखूं येतात. पहाटे फिरावयास निघालें म्हणजे या रस्त्यांवर मोटारी दिसण्याआधीं सायकली दिसतात. वर्तमानपत्रें टाकणारा मुलगा, दुधाच्या पिशव्या लटकाविलेला गडी, पाठीमागें मोठी टोपली बांधलेला पाववाला, आणि दिवस वर आल्यावर स्थानकाकडे निघालेले डबेवाले. थोड्या वेळानें डोक्यास शिरस्त्राण बांधून, महागड्या सायकलींवरून टेकडीकडे जाणारी मंडळी दिसतात. श्रीमंत मनुष्य येथें आरोग्यासाठीं सायकल चालवितो आणि गरीब पोटासाठीं; आमच्यासारखा मधला मनुष्य मात्र ती विकत घेतो, दोन महिने चालवितो, आणि जिन्याखालीं ठेवून विसरतो.

या गांवीं सायकलीचा एक प्रयोग आम्ही येण्यापूर्वींच होऊन गेला. पूर्वेस मिठागर रस्त्यावर विनायक गणेश वझे महाविद्यालय आहे. स्थानकापासून तें पायीं जाण्याजोगें खरें, पण तासाची घंटा होण्याच्या वेळीं लांब वाटणारें. २०१० सालीं कांहीं तरुण मंडळींनीं ‘सायकल चलाओ’ या नांवानें स्थानक आणि महाविद्यालय यांच्या दरम्यान विद्यार्थ्यांसाठीं सामाईक सायकली ठेवल्या. एका टोंकास घ्यावी, दुसऱ्या टोंकास ठेवून द्यावी, अशी ती व्यवस्था. कल्पना उत्तम होती, तिचें कौतुकहि झालें. पुढें पुण्यांत तिचा विस्तार करण्याचा यत्न झाला. परंतु थोड्याच वर्षांत तें काम थांबलें. त्यानंतर २०१७-१८ मध्यें पुण्याच्या रस्त्यांवर भ्रमणध्वनीनें कुलूप उघडणाऱ्या पिवळ्या, नारिंगी सायकलींचे ताफेच्या ताफे आले, आणि थोड्या वर्षांत तेहि दिसेनासे झाले. परदेशांतहि असेंच घडलेलें आहे. १९६५ सालीं ॲम्स्टरडॅम शहरांत कांहीं तरुणांनीं सायकली पांढऱ्या रंगवून, कुलपावांचून, वाटेल त्यानें वापराव्यात म्हणून रस्त्यावर सोडल्या. पोलिसांनीं त्या कुलूप नाहीं म्हणून उचलून नेल्या.

याउलट ज्या ठिकाणीं सायकल न देतां सायकलीची विद्या दिली, तेथील काम टिकलें. व्हिएन्ना शहरांत पूर्वीं आगगाडीचीं इंजिनें बनविणारा एक कारखाना होता. त्याच्या इमारतींत १९८१ पासून ‘वूक’ नांवाचें लोकांनीं चालविलेलें केंद्र आहे. तेथें ज्यानें त्यानें आपली सायकल आपल्या हातानें दुरुस्त करावी अशी कार्यशाळा आहे. लॉस एंजलिसमध्यें २००२ सालीं अशीच एक कार्यशाळा एका बिऱ्हाडाच्या स्वयंपाकघरांत सुरू झाली, म्हणून तिचें नांवच ‘सायकलींचें स्वयंपाकघर’ असें पडलें, आणि तेथें फुकट राबणाऱ्या मंडळींस ‘आचारी’ म्हणतात. बॉस्टनमधील, १९८४ सालीं निघालेल्या एका संस्थेनें तर मुलांसाठीं अशी रीत घातली कीं, मुलानें कांहीं आठवडे जुनी सायकल खोलून जोडावयास शिकावें, आणि शिकून झाल्यावर ती सायकल त्याचीच व्हावी. या सर्व ठिकाणीं नफा हा हेतु नाहीं. हत्यारें सामाईक, जागा सामाईक, आणि शिकविणारा शेजारीं उभा. सायकल ज्याची, पाना त्याच्याच हातांत.

हें सर्व आम्हांस आमच्या नातीनें सांगितलें. ती आठवींत आहे. त्याचें निमित्त असें झालें. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या तळमजल्यावर, मोटारी उभ्या करण्याच्या जागेंत, एका कोपऱ्यांत सतरा सायकली धूळ खात पडल्या होत्या. पंधरा दिवसांत मालकांनीं न हलविल्यास त्या भंगारवाल्यास देण्यांत येतील, अशी सूचना फलकावर लागली. नात आम्हांस हात धरून खालीं घेऊन गेली आणि म्हणाली, “आजोबा, यांतली एकहि मेलेली नाहीं. कोणाची ट्यूब गेली आहे, कोणाची चेन. तुम्ही सभेंत बोला ना. तुमचें ऐकतील.”

आम्ही सभेंत बोललों; पण तें केवळ नातीच्या शब्दाखातर नव्हे. त्यामागें आमच्या मनांतील एक जुना सल होता, तो येथें सांगणें भाग आहे.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वींची गोष्ट. आम्ही ज्या शाळेंत होतों तेथें सहा किलोमीटरांवरील वाडीहून एक मुलगी येत असे. हुशार, विशेषतः संस्कृतांत. पायीं येतांना तिचा पहिला तास बुडे, म्हणून आम्हीं गांवांत वर्गणी काढून तिला एक जुनी सायकल घेऊन दिली. त्या दिवशीं शाळेंत पेढे वांटले, आमचें कौतुक झालें, आणि आम्ही संतुष्ट झालों. श्रावणांत तिची सायकल पंक्चर झाली. वाडींत दुरुस्तीचें दुकान नाहीं, तालुक्यास न्यावी तर पैसे आणि दिवस दोन्ही मोडावयाचे. सायकल ओट्यावर पडून राहिली, तोंवर पायीं चालण्याची संवयहि मोडली होती, घरच्यांस निमित्त मिळालें, आणि दिवाळीनंतर ती मुलगी शाळेंत आली नाहीं. आमच्या शाळेच्या कपाटांत पंप होता, ठिगळें होतीं, सोल्यूशनची नळी होती. कपाटास कुलूप होतें आणि किल्ली आमच्या जानव्यास होती. तिला पंक्चर काढावयास शिकवावें हें आम्हांस सुचलें नाहीं, कारण आम्हांसच तें येत नव्हतें. आज मानव विकास कार्यक्रमांतून आपल्या राज्याच्या मागास तालुक्यांतील मुलींना शाळेसाठीं सायकली मिळतात. बिहारनें तर २००६ सालापासून मुलींच्या हातीं सायकल दिली. तें वाचून आनंद होतोच. परंतु प्रत्येक वेळीं मनांत प्रश्न येतो कीं, पहिलें पंक्चर कोण काढणार?

सभेंत बरीच चर्चा झाली. अखेर महिन्यांतून दोन रविवार, सकाळीं नऊ ते बारा, त्या कोपऱ्याचा उपयोग करण्यास अनुमति मिळाली. अट एवढीच कीं फरशीवर तेलाचा डाग पडतां कामा नये. त्याप्रमाणें आमचें हें सायकल-घर सुरू झालें. त्यास पाटी नाहीं, नोंदणी नाहीं. जुनीं वर्तमानपत्रें फरशीवर पसरावयाचीं आणि उरलेली रद्दी विकून पैसे उभे करावयाचे, असा आमचा जमाखर्च.

हें काम चालविणारीं मंडळी तीन. पहिले आमचे शेजारी, भांडुपच्या एका कारखान्यांतून निवृत्त झालेले फिटर. त्यांच्या घरीं हत्यारांची पेटी देवघराइतकी स्वच्छ असते. दुसरी आमची नात, जिच्याकडे नोंदवही आहे. आणि तिसरा, खरा गुरु, म्हणजे कोपऱ्यावरील झाडाखालीं बसणारा सायकल-मिस्त्री. एक पत्र्याची पेटी, एक पंप आणि पाण्यानें भरलेलें घमेलें, एवढ्या भांडवलावर त्यानें तीन मुलें शिकविलीं. त्यास आम्ही बोलाविलें तेव्हां तो प्रथम तयार होईना. म्हणाला, “मास्तरसाहेब, सगळेच शिकले तर मीं काय खावें?”

प्रश्न खरा होता. ज्याच्या विद्येवर आपण धर्मकार्य करूं पाहतों, त्याच्याच ताटांतील घांस काढून घेणें हें कोठलें धर्मकार्य? फिटरसाहेबांनीं तोड काढली. रविवारच्या तीन तासांची मजुरी त्यास रद्दीच्या पैशांतून रोख द्यावयाची, कमी पडल्यास आम्हीं दोघांनीं घालावयाची. आणि ज्या कामास कसब लागतें, म्हणजे रिमचा आऊट काढणें, फ्रीव्हील बदलणें, तें त्याच्याच झाडाखालीं जावें. दोन-तीन महिन्यांनीं आम्हीं त्यास विचारलें तेव्हां तो म्हणाला, “पंक्चरें थोडीं कमी झालीं, पण आऊट काढावयास येणाऱ्या सायकली वाढल्या. पडलेली सायकल माझ्याकडे कधींच येत नाहीं, चालणारीच येते.”

मुलांबरोबर आम्हीहि वर्तमानपत्र पसरून बसलों. वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं नवीन शाळेंत नांव घातलें. टायर रिमवरून उतरवावयाचा, ट्यूब बाहेर ओढून थोडी हवा भरावयाची, आणि ती घमेल्यांतील पाण्यांत हळूहळू फिरवावयाची. बुडबुडे जेथें उठतील तेथें छिद्र. ती जागा पुसून कोरडी करावयाची, काचकागदानें घासावयाची, सोल्यूशन लावावयाचें, आणि मग थांबावयाचें. येथेंच आमच्यासारखा शिकाऊ चुकतो. ओलें असतांच ठिगळ लावलें तर तें धरत नाहीं. सोल्यूशन बोटास चिकटेनासें झालें म्हणजे दाबावयाचें. आमचें पहिलें ठिगळ दहा मिनिटांत सुटलें. मिस्त्री हंसला नाहीं. त्यानें ट्यूब पुन्हां आमच्या हातीं दिली आणि दुसरें ठिगळ पुढें केलें. मुलाचें रूप चुकलें म्हणजे आम्ही काय करीत होतों, तें त्या क्षणीं आठवलें आणि जरा लाज वाटली.

शब्दांचा नाद असलेल्या मनुष्यास येथें करमणूकहि बरीच आहे. संपूर्ण सायकल खोलून, छर्रे धुऊन, ग्रीस भरून पुन्हां जोडण्याच्या कामास येथें ‘ओव्हरऑइलिंग’ म्हणतात. मूळ इंग्रजी शब्द ‘ओव्हरहॉलिंग’. परंतु तेलाचा संबंध जोडून कारागिरांनीं त्यास अर्थपूर्ण केलें आहे. चाकांतील तारांस मुलें ‘स्पोक’ म्हणतात. आम्हीं त्यांना सांगितलें कीं, संस्कृतांत त्यास ‘अर’ म्हणतात, त्यावरूनच आपला ‘आरा’. मधली ती ‘नाभि’ आणि कडा ती ‘नेमि’. रथाच्या नाभींत बसविलेल्या आऱ्यांचा दृष्टांत उपनिषदांत येतो. मुलांनीं तें ऐकून घेतलें. मिस्त्रीनें मात्र एक आरा पान्यानें किंचित् ताणून चाक फिरविलें आणि तें लचकत कसें चाललें तें दाखविलें. आमच्या स्पष्टीकरणापेक्षां त्याचें अधिक समजलें.

अडचणी नाहींत असें नाहीं. पावसाळ्यांत दोन रविवार तळमजल्यावर पाणी आलें. एकदां फरशीवर डाग पडला, तो आम्हीं दोघां म्हाताऱ्यांनीं गुडघ्यांवर बसून सोड्यानें घासून काढला. कांहीं सभासदांस हा पोरखेळ वाटतो. पण त्या सतरा सायकलींपैकीं नऊ मालकांनीं स्वतः दुरुस्त करून वर नेल्या, आणि उरलेल्या आठांच्या सुट्या भागांतून तीन सायकली उभ्या राहिल्या. त्यांतील एक आमच्या रखवालदाराच्या मुलीस द्यावयाचें ठरलें. ती नववींत आहे.

देण्याच्या दिवशीं कोणीतरी हार आणला, कोणी छायाचित्र काढावयास पुढें आलें. नातीनें हार बाजूस ठेवला, मागल्या चाकांतील हवा सोडली, टाचणीनें ट्यूबला भोंक पाडलें, आणि म्हणाली, “आतां तूं काढ.” मंडळी कुरकुरली. त्या मुलीनें ओढणी खोंचली, पाना घेतला, आणि आम्ही सर्व उभे असतां पाऊण तासांत चाक पुन्हां बसविलें. मधें सोल्यूशन वाळेपर्यंत ती स्वस्थ बसून राहिली. कोणी घाई केली तर मान हलवीत होती. नंतर सायकलीवर बसून फाटकाबाहेर गेली. हार तेथेंच राहिला.

त्याच आठवड्यांत आम्हीं आमच्या जुन्या शाळेस एक पेटी पाठविली. तिच्यांत एक पंप, टायर उतरविण्याच्या दोन पट्ट्या, काचकागद, ठिगळें आणि सोल्यूशनच्या चार नळ्या आहेत. मुख्याध्यापकांस पत्रांत लिहिलें कीं, पेटी कपाटांत ठेवूं नये, व्हरांड्यांत ठेवावी, आणि तिला कुलूप लावूं नये.