मिठाच्या काठावर

विंचू शोधायला फार अक्कल लागत नाही. अमावास्येच्या आसपासची रात्र, जाड तळाचे बूट आणि अतिनील प्रकाशाची बॅटरी. तो प्रकाश पडला की विंचवाचं कवच अंधारात हिरवट-निळं उजळतं. (नुकती कात टाकलेला उजळत नाही, कवच कडक होईपर्यंत तो आमच्या हातावर तुरी देतो.) अक्कल लागते ती कुठे शोधायचं हे ठरवायला.

कॅलिफोर्नियातल्या कॅरिझो मैदानातलं सोडा लेक वर्षातला बराच काळ नावालाच तळं असतं. पाणी येतं, बाहेर पडायला वाट नाही, जागच्या जागी आटतं आणि पांढरा खार उरतो. नवशिके थेट त्या पांढऱ्यावर चालत सुटतात. मी त्यांना सांगतो, मिठावर फोटो काढा, काम काठावर करा. खाऱ्या मातीत तग धरणारी झुडपं जिथे सुरू होतात, तिथे आडोसा आहे, किडे आहेत, म्हणून विंचूही.

अशाच काठांवरच्या दोन जाती 2022 मध्ये जाहीर झाल्या: इथली पॅरुरोक्टोनस सोडा आणि मोहावी वाळवंटातल्या केन लेकची पॅरुरोक्टोनस कन्क्लुसस. शोधणारे प्राकृत जैन आणि हार्पर फोर्ब्स तेव्हा जेमतेम शाळेतून बाहेर पडत होते. सोबत कोळी-विंचवांच्या अभ्यासक लॉरेन एस्पोसिटो होत्या. सुरुवात झाली आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर लोकांनी टाकलेल्या, नाव न ठरलेल्या फोटोंपासून. फोटो सगळ्यांसमोरच होते. पण ‘हा कुठल्याच ओळखीच्या जातीत बसत नाही’ असं म्हणायला आधी ओळखीच्या सगळ्या तोंडपाठ लागतात. त्या पोरांचा मला हेवा वाटतो तो इथे.

पुढचं काम टेबलावरचं. विंचू उताणा करून पोटाखालच्या कंगव्यांचे दात मोजायचे, चिमट्यांवरचे केस बघायचे, शेपटीच्या एकेका पेराची लांबी-रुंदी घ्यायची. नर-मादीत फरक असतो, म्हणून दोन्ही हवेत. मान आखडते.

आणि नमुने लागतात. परवाना काढून, मारून, अल्कोहोलमध्ये घालून संग्रहालयात ठेवलेले. सोडा लेकचा परिसर निदान संरक्षित आहे. कन्क्लुससचं सगळं जग मात्र जेमतेम दोन किलोमीटर लांबीची पट्टी, काही ठिकाणी रुंदी मोजक्या मीटरांची, आणि 2022 मध्ये तरी तिला कसलंच संरक्षण नव्हतं. एखादा सौर प्रकल्प उभा राहिला तरी जात संपू शकते. अशा ठिकाणी चिमटा हातात घेऊन वाकलं की प्रत्येक मादीपाशी हात थांबतो. पोट फुगलेलं दिसलं तर मी तिला सोडतो, मग मोजमापाच्या तक्त्यात एक रकाना रिकामा राहिला तरी चालेल.