चांदोलीच्या ॲटलस पतंगास

‘चिरंजीव’ लिहिणार होतो, पण पंख फुटल्यावर तुझं आयुष्य जेमतेम आठवडा-दोन आठवड्यांचं. तेव्हा नुसताच सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, तुझ्याच रानातल्या शेकरूचा आणि तुझा दप्तरी हिशोब शेजारी-शेजारी ठेवून पाहिला. दोघेही प्राणी, नातं तेवढंच. तो पाठीच्या कण्याचा, सस्तन, उंदीर-घुशींच्या कृंतक गणातला, खारीच्या कुळातला. तू कीटक, फुलपाखरांच्या गणातला. त्याचे पटाशीचे दात जन्मभर वाढतात, म्हणून कुरतडणं सुटत नाही. तुला पंख फुटल्यावर खायला तोंडच नाही! सुरवंट असताना दालचिनीची, पेरूची पानं खाऊन जे साठवलंस, त्यावरच जोडीदार गाठायचा.

पंख पसरलेस की वीतभर भरतोस. विटकरी रंग, त्यात काचेसारखे आरपार दिसणारे त्रिकोण आणि टोकाला थेट सापाचं तोंड. नागपंचमीसाठी ओळखल्या जाणाऱ्या बत्तीस शिराळ्याच्या तालुक्यात हे सोंग तुला शोभतं खरं.

आता मुद्द्याचं. शेकरू महाराष्ट्राचा राज्यप्राणी. निसर्गसंवर्धनाच्या आययूसीएन या जागतिक संस्थेच्या लाल यादीत तो ‘किमान चिंता’ या वर्गात आहे, पण संख्या घटते आहे असा शेराही तिथेच आहे. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या सायटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात त्याचं नाव आहे. तुझं त्या लाल यादीत मूल्यमापनच झालेलं नाही. म्हणजे तू सुखरूप आहेस असं नव्हे; तुझी चौकशीच कुणी केलेली नाही. पावसाळ्यात कुणाच्या भिंतीवर बसलास की ‘दुर्मीळ पतंग आढळला’ अशी बातमी येते. दुर्मीळ कशावरून? मोजलं कुणी?

चांदोली 2004 साली राष्ट्रीय उद्यान झालं, 2010 मध्ये कोयनेसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं, 2012 मध्ये जागतिक वारशात. वाघाच्या नावाने राखलेल्या जंगलात तुलाही आसरा मिळाला, हे बरंच झालं. पण हद्दीबाहेर दिव्याला भुललास की तुझ्या नावाचं काही नाही.

म्हणून शिराळा-पाटणच्या मंडळींना विनंती: हा पाहुणा दारी आला तर हातात धरून फोटो काढू नका, पंखांवरचे खवले झडतात. बाहेरचा दिवा तेवढा मालवा. फोटो लांबून काढा आणि गावाच्या नावासह, तारखेसह ‘मॉथ्स ऑफ इंडिया’ या संकेतस्थळाला पाठवा. मोजणीची सुरुवात तिथूनच होईल.

तुझा,
एक सांगलीकर