एम.एस. आणि आमच्या घरची रोजमेळाची वही



आमच्या धाकट्या सूनबाईला नक्की काय झालंय, हे मंदिरात बऱ्याच जणी विचारतात. कुणाला तो मणक्याचा आजार वाटतो, कुणाला लकवा. एकीने तर लागण होते का, असंही हळूच विचारलं. म्हणून एकदाच नीट लिहिते. सूनबाईची परवानगी घेतली आहे. "लिहा मोठ्या आई, पण बिचारी म्हणू नका," एवढीच तिची अट.

आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. सगळे एम.एस. म्हणतात. तो लागत नाही, आणि तो लकवाही नाही. रोगांशी लढणारी आपल्याच शरीराची फौज चुकून मेंदूतल्या, मज्जारज्जूतल्या आणि डोळ्यांच्या नसांवरचं आवरण कुरतडते. उजनीचं पाणी मागे हटलं की शेतकरी मोटारी पुढे नेतात आणि केबली लांबवतात, ते आपण टेंभुर्णीकर दर उन्हाळ्यात पाहतो. केबलचं आवरण सोललं की मोटार कधी चालते, कधी नुसती गुरगुरते. तसंच हे. कुठली नस सोलली त्यावर त्रास ठरतो, म्हणून दोन रुग्णांची लक्षणं सारखी नसतात. पण केबल आपोआप दुरुस्त होत नाही. नसेवरची सूज मात्र उतरते आणि आवरणही थोडंफार भरून येतं. त्रास ओसरला की आपण म्हणतो, गेलं एकदाचं. फसगत तिथेच होते.

मी बी.कॉम. झाले, नोकरी केली नाही, पण घरखर्चाचा रोजमेळ चाळीस वर्षं लिहिते आहे. डॉक्टरची फी लिहिताना शेजारी कशासाठी तेही लिहायचं, ही सवय. त्या वहीत सूनबाईच्या नावाने अशा नोंदी होत्या :

फेब्रुवारी २०२२ : उजवा डोळा फिरवला की दुखतो, लाल साडी त्या डोळ्याला धुऊन विटल्यासारखी दिसते. तीन आठवड्यांत उतार.

सप्टेंबर २०२२, दशलक्षणात : पायापासून कमरेपर्यंत बधिर. कमरेला कुणी पट्टा आवळल्यासारखं. बी-१२ कमी निघालं, इंजेक्शनं. महिन्यात बरं.

एप्रिल २०२३ : मान खाली घातली की पाठीतून करंट जातो. कायोत्सर्गाला डोळे मिटून उभी राहिली की डोलते, दोनदा भिंत धरली.

तीन तारखा, तीन वेगवेगळे डॉक्टर, तीन वेगळी कारणं. डोळ्याचं म्हणे नंबरामुळे, बधिरपणा बी-१२ मुळे, आणि तिसऱ्या वेळी एका डॉक्टरांनी "टेन्शन आहे, एक मूल होऊ द्या" असं सांगून पाठवलं. (हे ऐकून तिच्या आईचा चेहरा कसा झाला होता, ते लिहीत नाही.) शेवटी न्यूरोलॉजिस्टकडे गेलो. त्यांचा पहिला प्रश्न होता, "याआधी कधी डोळ्याची तक्रार?" घरचे सगळे नाही म्हणाले, तिला स्वतःलाही आठवेना. मी वही पुढे केली.

नंतर कळलं की या आजाराचं निदानच असं होतं. एकच रक्ततपासणी करून हो किंवा नाही सांगता येत नाही. आघात नसांच्या वेगवेगळ्या जागी झालाय का आणि वेगवेगळ्या वेळी झालाय का, हे पाहतात. रोजमेळातल्या सुट्या नोंदी खतावणीत एका नावावर चढवतात, तसं. एम.आर.आय.मध्ये मेंदूत आणि मज्जारज्जूत डाग दिसले. मग कमरेतून पाणी काढून तपासलं. ते ऐकायला भयंकर वाटतं, पण ती दुसऱ्या दिवशी घरी आली. अगदी असाच दिसणारा एन.एम.ओ. नावाचा दुसरा आजार आहे. त्यासाठी अॅक्वापोरिन-४ ही रक्ताची तपासणी केली. ती महत्त्वाची, कारण एम.एस.ची काही औषधं त्या आजारात उलट अपाय करतात.

बी-१२ बद्दल आपल्या घरांसाठी थोडं जास्त लिहिते. आपण मांस-अंडी खात नाही, दुधावरच भिस्त, म्हणून आपल्यापैकी कितीतरी जणींचं बी-१२ कमी असतं. त्या कमतरतेनेही पाय बधिर होतात, तोल जातो, मज्जारज्जूला इजा होते. तेव्हा इंजेक्शन घेतलं ते बरोबरच होतं. पण एक कारण सापडलं म्हणून दुसरं शोधायचं थांबायला नको. दोन्ही एकाच बाईला असू शकतं. विशेषतः आधी डोळ्याचं काही होऊन गेलं असेल किंवा त्रास येऊन-जाऊन असेल, तर न्यूरोलॉजिस्टला दाखवाच.

कशामुळे झालं, हा प्रश्न घरोघर विचारला जातो. पूर्वी हा थंड देशांतला, गोऱ्यांचा आजार समजत. मुंबईचे प्रसिद्ध न्यूरोलॉजिस्ट डॉ. नोशिर वाडिया यांनी आपल्या पारशी समाजात तो इतरांपेक्षा जास्त असल्याचं दाखवून दिलं. एम.आर.आय. यंत्रं आली तसे भारतात इतर समाजांतलेही रुग्ण सापडू लागले. २०२२ मध्ये अमेरिकन सैनिकांच्या साठवलेल्या रक्तनमुन्यांवरून एपस्टाइन-बार या विषाणूशी त्याचा घट्ट संबंध दिसला. पण तो विषाणू जवळजवळ सगळ्यांनाच कधी ना कधी होऊन जातो आणि एम.एस. फार थोड्यांना होतो. बायकांना पुरुषांपेक्षा दुपटीहून जास्त, तेही बहुतेक वेळा २० ते ४० या वयात, म्हणजे नेमकं लग्न-संसाराच्या दिवसांत. म्हणून "कुणाच्या पायगुणाने" ही भाषा आमच्या घरात बंद केली. असाता वेदनीय कर्म म्हणायचं तर म्हणा, पण ते तिचा हिशेब मांडायला नव्हे. वैयावृत्त्य आपल्या वाट्याला आलंय, एवढ्यापुरतंच.

अचानक मोठा आघात झाला तर तीन ते पाच दिवस स्टेरॉइडची सलाईन देतात. त्याने त्रास लवकर उतरतो, पण पुढचे आघात थांबत नाहीत. त्यासाठी रोजचं औषध आहे, आणि सगळं भांडण त्यावरूनच झालं. आठ महिन्यांत सूनबाई चांगली चालू लागली, तेव्हा माझी जाऊ म्हणाली, "ताई, आता बरी आहे ना, मग एवढ्या महाग गोळ्या कशाला?" मी विचारलं, दुकानाचा आगीचा विमा आपण दरवर्षी का भरतो? गेल्या वर्षी आग लागली नाही म्हणून हप्ता बंद केला का? आधी झालेली इजा ही गोळी पुसत नाही. पुढची टाळायला ती असते, आणि ती काम करते तेव्हा काहीच घडत नाही. जाऊ दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी गोळ्यांची पट्टी तिनेच नाश्त्याच्या ताटाशेजारी ठेवली.

तिची गोळी डायमिथाइल फ्युमरेट, दिवसातून दोनदा. ती जेवणाबरोबर घेतली तर पोट कमी बिघडतं आणि चेहऱ्यावरची लाली-जळजळही कमी होते. रात्रीभोजन त्यागाचं काय, ही अडचण आली. डॉक्टरांना मोकळेपणाने विचारलं आणि संध्याकाळची गोळी सूर्यास्ताआधीच्या जेवणाबरोबर बसवून घेतली. अधूनमधून रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात, ती तारीख चुकवायची नाही. उपवास ती आता करत नाही. यावर बोलणाऱ्यांना मी सोळा भावनांतली 'शक्तितस्तप' आठवून द्या म्हणते. त्यातला पहिला शब्द शक्तीचा आहे.

आपल्याकडचा उन्हाळा हा वेगळाच शत्रू. अंग तापलं की जुनी लक्षणं तात्पुरती डोकं वर काढतात. गार पाण्याचा पंचा, कूलर, सावली मिळाली की उतरतात. तो नवा आघात नसतो. पण ताप नसताना नवा त्रास २४ तासांहून जास्त टिकला तर फोन करायचा. स्वयंपाक आम्ही सकाळी सातच्या आत उरकतो. दुपारी ती झोपते, आणि तो आळस नव्हे. या आजाराचा थकवा बाहेरून दिसत नाही, त्यामुळे बाकीच्यांना तो खोटा वाटतो. लघवीची घाई होते म्हणून पाणी कमी प्यायची तिची युक्ती मात्र मी मोडून काढली, त्याने संसर्ग होतो. जिन्यात रात्रभर दिवा असतो. ज्याचे पाय बधिर, तो तोल डोळ्यांनी सांभाळतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एम.एस.चं नाव आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल तर प्रमाणपत्राचे फायदे मिळतात. सूनबाई त्यात बसत नाही, देवदयेने. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था मुंबईची आहे आणि तिची पुण्यातही शाखा आहे. तिथल्या रुग्णांशी बोलल्यावर ती पहिल्यांदा मोकळी हसली.

आता तिला मूल हवं आहे. गरोदरपणात आघात कमी होतात, बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत वाढू शकतात, आणि औषध आधीपासून डॉक्टरांशी ठरवून बदलावं किंवा थांबवावं लागतं, इतकं आम्हाला कळलंय. पुढच्या भेटीसाठी तिने नऊ प्रश्न काढले आहेत. जावेने दहावा घातला : अंगावर पाजायचं किती दिवस, आणि गोळी परत कधी.