वल्हं पाण्याबाहेर असतं तेव्हा



"काय हो, तुम्ही म्हणे या वयात नाव वल्हवायला शिकताय?" असं गेल्या महिन्यात दोघीतिघींनी विचारलं. खरं आहे. दर रविवारी शिकते. सगळ्यांना एकेकदा सांगण्यापेक्षा इथेच लिहिते.

माझी नात दोन वर्षांपासून रोइंग करते. गोदावरीच्या साठलेल्या पाण्यावर एक छोटा क्लब आहे, तिथे तिला पोचवायचं काम माझ्याकडे. आपल्या नाशिक जिल्ह्यात या खेळाचं नाव झालं ते दत्तू भोकनळमुळे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा हा मुलगा. गावात पाण्याची टंचाई, त्यात तो विहिरी खोदायच्या कामावर जायचा. सैन्यात गेल्यावर वल्हं हातात आलं आणि २०१६ ला रिओ ऑलिम्पिकला पोचला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेत त्याला सुवर्णपदक मिळालं.

क्लबच्या कोच मुलीने पालकांसाठी रविवारची बॅच काढली. मला म्हणाली, "काकू, नुसत्या बसून काय करता? मशीनवर तरी बसा." वयाने ती माझ्या मुलीपेक्षा लहान, पण शिकवायला कडक. पहिला महिनाभर पाण्याला हातही लावू दिला नाही. रोइंग मशीनवर सरकत्या सीटवर बसायचं, पाय पट्ट्यात अडकवायचे आणि एकच घोकायचं: पाय, पाठ, हात. परत येताना उलट: हात, पाठ, पाय. मला वाटायचं हा दंडाचा खेळ. पण मोठा जोर पायांचा असतो, हात शेवटी येतात.

मला दम लागत नव्हता, पण कोच सारखी ओरडायची, "काकू, परत येताना घाई नको!" मला कळेना. ओढून झालं, मग लवकर परत येऊन पुन्हा ओढलं तर जास्तच काम होईल ना? चाळीस वर्षं मी घर असंच चालवलंय. एका शेगडीवर डाळ, दुसरीवर तवा, मध्येच डब्यांची झाकणं.

मग तिने समजावलं. मिनिटाला वीस वेळा वल्हवायचं तर प्रत्येक खेपेला तीन सेकंद. त्यात ओढण्याला एक आणि परतीला दोन. मी बी.कॉम. झालेली, लगेच हिशोब मांडला. तासाभराच्या सरावात वीस मिनिटं जोर, चाळीस मिनिटं परती! मी म्हटलं, "म्हणजे दोन-तृतीयांश वेळ वायाच की!" ती हसली. "काकू, नाव सगळ्यात वेगात कधी असते सांगा. वल्हं पाण्याबाहेर असतं तेव्हा."

कारण असं, की बसणारी माणसं नावेपेक्षा कितीतरी जड. परतताना आपण सीटवरून हळूच सरकतो, पाय पट्ट्यात असल्याने नाव आपल्याखालून पुढे जाते. तिथे घाई करून धाडकन आलं, की आपलंच वजन पायांवर आदळतं आणि नावेला खीळ बसते. जोर वीस मिनिटांचा, पण त्याचं फळ मिळतं परतीत. ती बिघडवली की आधीचे कष्टही गेले.

पाण्यावर मी कोचबरोबरच जाते. नवशिक्यांची रुंद नाव, अंगात लाइफ जॅकेट, कारण मला पोहता येत नाही. एकदा वल्हं पाण्यात अडकलं आणि दांडा पोटावर आला. "काकूंनी क्रॅब पकडला!" असा पोरींनी गलका केला. क्रॅब म्हणजे खेकडा, पण घाबरू नका, अडकलेल्या वल्ह्यालाच तसं म्हणतात. खऱ्या जीवांचं काय, असंही एकीने विचारलं. पाण्यात वल्हं मारणं हा आरंभच, नाकारत नाही. संध्याकाळी प्रतिक्रमणात चूल-पाण्याबरोबर त्याचीही क्षमा मागते. नातीचं म्हणाल, तर नवकारसी होईपर्यंत तिला हलका सराव असतो. मग पाणी आणि खजूर, जोराचा सराव त्यानंतर.

आता घरची गोष्ट. नात यंदा दहावीला. जूनमध्ये माझा मुलगा म्हणाला, "वर्षभर क्लब बंद. त्या वेळात गणिताचा आणखी एक क्लास लावू." पोर काही बोलली नाही, ताट अर्धवट टाकून उठली. सूनबाईने माझ्याकडे बघितलं.

मी वही घेतली. आठवड्याचे तास १६८. क्लबच्या तीन सकाळी, जाण्यायेण्यासकट साडेसात तास. शाळा, दोन क्लास, गृहपाठ, झोप, सगळं मांडलं. मुलाला म्हटलं, "जोराचे तास भरपूर आहेत रे. परतीचे एवढेच साडेसात. तेही घेतलेस तर वही भरलेली दिसेल, पोरगी पुढे जाईल का ते सांग." तो म्हणाला, "आई, ही नाव नाही, बोर्डाची परीक्षा आहे." त्याची काळजी खोटी नाही, मार्कांवरच पुढचं कॉलेज ठरतं. शेवटी म्हणाला, "सहामाहीपर्यंत चालू दे. मार्क बघून ठरवू." सहामाही दिवाळीआधी आहे. निकाल काय लागेल मला माहीत नाही. नात मात्र क्लबहून आली की न सांगता पुस्तक उघडते, एवढं मी रोज बघते.

मी बी.कॉम. झाले तेव्हा ऑलिम्पिकमध्ये बायकांची शर्यत १००० मीटरची होती, पुरुषांची २०००. बायकांना १९८८ पासून पूर्ण अंतर मिळालं. आपल्याला किती झेपेल हे दुसऱ्यांनीच ठरवायचं, आणि आपण बसलो की तेही दुसऱ्यांनाच खुपायचं. दुपारी जरा टेकलं की दाराची बेल वाजताच आपण दचकून उठतो, हातात झाडू घेतो. तुम्हीही घेत असाल. मी आता जेवणानंतर वीस मिनिटं बसते, बेल वाजली तरी बसल्या जागेवरून "या" म्हणते.

रविवारी सूनबाईही येते बॅचला. त्या दिवशी स्वयंपाक परत आल्यावर, सगळे मिळून. मुलाला पोळ्या लाटायला दिल्यात. अजून नकाशेच होतात, पण फुगतात.