देव्हाऱ्यातला कापूर

कापराच्या डबीत चार मिरे टाकून ठेवावेत, म्हणजे कापूर उडत नाही, ही सासूबाईंची शिकवण. त्या दिवशी मी मिरे टाकत होते, तेवढ्यात रसायनशास्त्र शिकणारी आमची लेक म्हणाली, "आजी, हा कापूर टर्पेंटाइनपासून करतात."

सासूबाईंचा हात तबकातच थांबला. "रंगात घालतात ते? अगं, देवाला शुद्ध नको का?"

मग लेकीनं समजावलं. पाइनच्या झाडाच्या चिकातून टर्पेंटाइन निघतं. त्यात पिनीन असतं, त्याचा रेणू दहा कार्बन आणि सोळा हायड्रोजन अणूंचा. आम्लधर्मी उत्प्रेरकाबरोबर तापवलं की हेच अणू जागा बदलतात आणि कँफीन तयार होतं. एक अणू वाढत नाही की घटत नाही. "आई दिवाळीत कपाट-पलंग हलवते ना? सामान तेच, मांडणी नवी. तसंच!" पुढच्या प्रक्रियांत पुन्हा एकदा अशीच मांडणी बदलते आणि शेवटी कापूर होतो. हे कसं घडत असावं, ते हान्स मेरवाइन या जर्मन शास्त्रज्ञानं १९२२ साली उलगडलं. तबकावर धरणारी काजळी त्या दहा कार्बनचीच!

"पण झाडाचा कापूर तो खरा," सासूबाई म्हणाल्या.

"झाडाच्या कापरात रेणू एकाच हाताचे, कारखान्याच्या कापरात बहुधा डावे-उजवे दोन्ही, इतकाच फरक. रेणूला कूळ नसतं, आजी."

मी गप्प झाले. आम्ही महाडचे. चवदार तळं घरापासून दोन गल्ल्यांवर. २० मार्च १९२७ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि हजारो माणसांनी तिथलं पाणी ओंजळीनं प्यायलं, तर नंतर सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळ्याची 'शुद्धी' केली. कुणाची ओंजळ लागली म्हणून पाण्याचा एक अणूही बदलला नव्हता. तरी उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ साल उजाडलं.

आणि आमच्या घरी? भांडी घासायला येणाऱ्या बाईंचा कप अजून खिडकीत वेगळा होता. तळ्याजवळ राहून इतकी वर्षं मीही त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

त्या संध्याकाळी मी तो कप उचलला आणि फळीवर आमच्या कपांत ठेवला. सासूबाईंनी पाहिलं, पण काही बोलल्या नाहीत.

सकाळी चहा त्यांनीच ओतला. बाईंना हाताला आला तो कप दिला. तो माझा होता.