काही करत नाही तो!

कुत्रा पाळणाऱ्यांचं एक ठरलेलं वाक्य असतं. तुम्हीही ऐकलं असेल. "घाबरू नका हो, काही करत नाही तो!" दोन वर्षांपूर्वीपर्यंत मीही ते रोज म्हणायचो.

आम्ही डेन्व्हरला राहतो. आमचा लॅब्रॅडॉर आहे, नाव मोती. (माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत निम्म्या कुत्र्यांचं नाव मोतीच असायचं!) शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांची कुत्री पिटबुल. रुंद डोकं, पैलवानासारखी छाती. ती दिसली की मी मुलीचा हात धरून रस्ता ओलांडायचो. बाई हसून हात करायच्या, आणि मी आपला फोनमध्ये बघायचो.

पिटबुल ही खरं तर एकच जात नाही. मिळत्याजुळत्या काही जातींना लोक हे नाव देतात. त्यांचे पूर्वज इंग्लंडमध्ये बैलांवर सोडले जात. १८३५ साली तो खेळ कायद्याने बंद झाला, तेव्हा लोक कुत्र्यांच्याच झुंजी लावू लागले. झुंजायला शिकवलं माणसानं, आणि नाव खराब झालं कुत्र्याचं. २००७ मध्ये मायकल विक या फुटबॉलपटूच्या जागेतून झुंजीची पन्नासएक कुत्री सोडवली. त्यांना मारूनच टाकावं, असं अनेकांचं म्हणणं होतं. पण तपासणीनंतर बहुतेक वाचली आणि कित्येक तर घरांमध्ये छान रमली. तरी प्रत्येक पिटबुल म्हणजे गरीब गाय, असं मी म्हणणार नाही. अंगात ताकद फार. चावला तर जखम मोठी होते. म्हणून मालक शहाणा लागतो.

डेन्व्हरमध्ये १९८९ पासून पिटबुल पाळायला बंदीच होती. २०२० मध्ये लोकांनी मतदान करून ती उठवली. आता परवाना लागतो. त्यासाठी चिप, रेबीजची लस आणि नसबंदी हवी. तीन वर्षं काही गडबड झाली नाही, तर पुढे परवाना लागत नाही. बाईंची दोन वर्षं झाली होती.

एका संध्याकाळी बागेत मी मोतीची दोरी सोडली. नियम माहीत होता, पण... काही करत नाही तो! मोती सुसाट सुटला, तो थेट त्या कुत्रीच्या अंगावर. ती बिचारी दोरीला बांधलेली, बाईंच्या पायाशी बसलेली. एक गुरगुर, एक किंकाळी, आणि मोतीचा कान लालभडक. बाईंनी एकच शब्द उच्चारला, कुत्री मागे सरकून बसली. मी मोतीला पाच हाका मारल्या. त्याने एकही ऐकली नाही.

कुणीतरी फोन केला. अधिकारी आला आणि आधी पिटबुलकडेच बघायला लागला. रक्त माझ्या कुत्र्याचं होतं. मी नुसता गप्प राहिलो असतो तरी पुरे होतं. खरं सांगू? क्षणभर राहिलोही. तेवढ्यात माझी सात वर्षांची लेक म्हणाली, "बाबा, मोतीची दोरी तर तुझ्या खिशात आहे!" मराठीत म्हणाली, त्यामुळे साहेबाला काही कळलं नाही. मला कळलं.

मी दोरी काढून त्याच्या हातात दिली आणि काय झालं ते सांगितलं.

दंड भरला. मोतीच्या कानाला चार टाके पडले. दुसऱ्या दिवशी बाईंची माफी मागायला गेलो. मुलीने आधी त्यांना विचारलं, "हात लावू?" मग मूठ पुढे धरली. कुत्रीने ती हुंगली आणि कोपरापर्यंत हात चाटून काढला.

पुढच्या वर्षी बाईंची तीन वर्षं पूर्ण झाली. त्यांनी केक केला, आम्ही शंकरपाळे नेले. मोतीही होता. दोरीला बांधलेला.